फॉर्म्युला वनमधल्या तांत्रिक युक्त्या: चीटिंग की हुशारी, आणि ठरवतं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एखादी टीम गाडीत काहीतरी नवीन काढते, बाकीचे तक्रार करतात, मग ते कधी चालतं तर कधी बंद होतं. हे चीटिंग की हुशारी? ठरवतं कोण? नियम आधीच नीट का लिहीत नाहीत? आणि शेवटी विचारलंय, सगळ्यात भारी युक्ती कोणती.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. ड्रॉइंगवर लिहिलेलं जॉबमध्ये उतरलंय का, एवढंच दिवसभर बघायचं. युरोपातल्या बहुतेक रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, त्या वेळी घरातला टीव्ही माझा. त्यामुळे उत्तराला थोडा कूलंटचा वास येईल, सांभाळून घ्या.

सुरुवात अशा केसपासून करतो की जिच्यात वादाला जागाच नव्हती. २०२१, ब्राझील. तेव्हा गाडीत डीआरएस नावाचं बटण होतं. ते दाबलं की मागच्या पंखाची वरची पट्टी उघडायची आणि वेग वाढायचा, पण उघडल्यावर फट ८५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको असा नियम होता. तपासायचं कसं, तर ८५ मिमीचा गेज घ्यायचा, १० न्यूटनचा जोर द्यायचा, म्हणजे साधारण एक किलोचं वजन ठेवल्यासारखं. गेज आत गेला नाही तर पास, गेला तर बाद. आमच्याकडे याला नो-गो गेज म्हणतात आणि आयटीआयची पोरं पहिल्याच आठवड्यात तो वापरायला शिकतात. मर्सिडीजच्या हॅमिल्टनच्या पंखाच्या उजव्या टोकाला तो गेला. मर्सिडीजच्या म्हणण्याप्रमाणे फरक होता ०.२ मिमी. मुद्दाम केलं असा आरोप कुणी ठेवला नाही, तरी क्वालिफायिंगचा निकाल रद्द. स्प्रिंटला, म्हणजे शनिवारच्या छोट्या रेसला, तो सगळ्यात मागून सुटला. (रविवारची रेस त्यानंच मारली, तो भाग वेगळा.) त्याच भानगडीत रेड बुलच्या व्हर्स्टॅपनला पार्क फर्मेमध्ये, म्हणजे गाड्या हात न लावता ठेवायच्या जागेत, त्या पंखाला हात लावून बघितल्याबद्दल ५०,००० युरो दंड झाला. आमच्या इन्स्पेक्शन टेबलावरच्या जॉबला ऑपरेटर हात लावतात तेव्हा मला हा आकडा हटकून आठवतो.

थोडक्यात, जिथं नियमाबरोबर मोजायची पद्धतही लिहिलेली आहे तिथं रडारड होते, वाद होत नाही. गाडीच्या तळाची फळीही तशीच: १० मिमीची, घासून ९ च्या खाली गेली की बाद. १९९४ ला स्पामध्ये शूमाकरची जिंकलेली रेस त्यात गेली. २०२५ ला लास वेगासमध्ये मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या गेल्या. मायक्रोमीटर लावला, विषय संपला.

खरे वाद होतात ते नियम लिहिला पण मोजायचं कसं, कधी आणि कुठून हे राहून गेलं, तिथं. मला हे कळायला स्वतःची एक लॉट घालवावी लागली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अॅल्युमिनियमची हाउसिंग, बोअर (आतलं गोल भोक) ८० मिमी, टॉलरन्स शून्य ते प्लस ३० मायक्रॉन. मे महिना, दुपारची शिफ्ट, पत्र्याची शेड. मशीनवरून उतरलेला जॉब हाताला गरम लागायचा आणि आम्ही तसाच बोअर गेजला लावत होतो. सगळे प्लस २० च्या आसपास, मस्त मधोमध. साठ नग पाठवले. चौथ्या दिवशी कस्टमरचा फोन: "साहेब, सगळे अंडरसाइज." मी तरातरा तिकडे गेलो. त्यांची रूम एसी, वीस अंशांवर धरलेली. माझ्या डोळ्यांदेखत बोअर मोजला तर मायनस ७. माझा गेज खोटा नव्हता, त्यांचाही नव्हता. अॅल्युमिनियमचा ८० मिमीचा बोअर पंधरा अंश गरम झाला की सत्तावीस-अठ्ठावीस मायक्रॉन मोठा दिसतो, एवढाच काय तो प्रकार. मी हुज्जत घातली की ड्रॉइंगवर तापमान कुठं लिहिलंय? त्यांच्या माणसानं शांतपणे सांगितलं, काही लिहिलेलं नसेल तर २० अंशच धरायचे, हे जगभर ठरलेलं आहे. लॉट परत आली.

आता १९८१ मध्ये या. त्याआधीची दोन-तीन वर्षं गाड्या तळाखालच्या हवेच्या ओढीनं रस्त्याला चिकटत होत्या, कॉर्नरमधले वेग धोकादायक झाले होते. म्हणून नियम आला की बाजूचे सरकते स्कर्ट (तळाखालची हवा अडवणाऱ्या पट्ट्या) बंद, आणि गाडीचा तळ जमिनीपासून किमान ६ सेंटिमीटर वर. ठीक. पण मोजायचं कुठं? रेसमध्ये ताशी अडीचशेनं पळणाऱ्या गाडीखाली पट्टी घेऊन कोण बसणार? मोजायचं पिटमध्ये, उभ्या गाडीवर. ब्राबहॅम टीमचा डिझायनर गॉर्डन मरी, त्यानं सस्पेन्शनमध्ये हवा आणि तेलाची अशी रचना केली की वेग वाढला, हवेचा दाब वरून आला की तेल बारीक भोकातून हळूहळू टाकीत जायचं आणि गाडी खाली बसायची. रेस संपली, ड्रायव्हर सावकाश पिटकडे निघाला की तेल परत यायचं, गाडी उठून उभी राहायची. पट्टी लावली की ६ सेंटिमीटर बरोब्बर. नियम मोडला का? जिथं मोजतात तिथं तरी नाही. ब्राबहॅमचा ड्रायव्हर पिके, त्यानं अर्जेंटिनाची रेस त्याच गाडीत जिंकली आणि त्या वर्षी तो एका पॉइंटनं चॅम्पियन झाला.

त्याच वेळी लोटस टीमच्या कॉलिन चॅपमननं दोन चॅसीची गाडी आणली होती, ८८ नंबरची. बाहेरचं कवच हवेचा दाब सरळ चाकांवर द्यायचं, आतल्या चॅसीत ड्रायव्हर मऊ स्प्रिंगवर बसलेला. माझ्या मते ही ब्राबहॅमपेक्षा प्रामाणिक युक्ती होती, कारण जे काही होतं ते उघड दिसत होतं. तीच बंद केली. चॅपमन इतका चिडला की अर्जेंटिनातून रेस व्हायच्या आधीच निघून गेला. का एकाला हो आणि दुसऱ्याला नाही? ब्राबहॅमचा मालक बर्नी एक्लस्टन होता आणि टीमच्या संघटनेचा कारभारही तोच बघायचा, एवढं सांगतो. पुढचं तुमचं तुम्ही जोडा.

बर्नी निघालाच आहे तर पंखेवाली गाडीही सांगून टाकतो. १९७८ ला लोटसच्या गाडीला तळाखाली दोन्ही बाजूंना बोगदे होते, त्यातून हवा वेगानं गेली की गाडी खाली ओढली जायची. मरीला ते करायचं होतं, पण त्याच्या गळ्यात अल्फा रोमिओचं आडवं पसरलेलं बारा सिलिंडरचं इंजिन होतं. बोगद्यांच्या जागीच इंजिन! मग त्यानं रेडिएटर इंजिनच्या वर आडवा टाकला आणि मागं एक भला मोठा पंखा बसवला. पंखा रेडिएटरमधून हवा खेचायचा. खालूनही खेचायचा. नियम होता की हवेचा दाब साधण्यासाठी हलणारा भाग चालणार नाही. मरीचा युक्तिवाद असा की अर्ध्याहून जास्त हवा रेडिएटरसाठी आहे, म्हणजे हा मुळात कूलिंगचा पंखा. गाडी चिकटते? योगायोग. पॅडॉकमध्ये उभ्या गाडीच्या पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून ठेवत. उभ्या-उभ्या अॅक्सिलरेटर दाबला की गाडी खाली बसायची. स्वीडनला अँडरस्टॉर्पमध्ये ट्रॅकवर तेल सांडलं, बाकीचे घसरत होते आणि ब्राबहॅमचा निकी लाउडा रुळावरून चालल्यासारखा गेला. अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकानं जिंकला. त्यानंतर ती गाडी परत कधी रेसमध्ये उतरली नाही. एक्लस्टननं ती मागं घेतली आणि पंख्यांना पुढं बंदी आली, पण जिंकलेली रेस कायम राहिली.

ही गोष्ट मी जेवताना सांगत होतो तर मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे आपला फ्लॉवर बेड!" बरोबर बोलली. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मंजूर नकाशात आमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर एक फ्लॉवर बेड आहे. फुलझाडांची जागा, एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर बांधकामाच्या क्षेत्रात, मोजायची नाही. ताबा मिळाला तेव्हा खिडकी त्याच्या पलीकडं सरकलेली होती आणि आता तिथं हिचं अभ्यासाचं टेबल आहे. ठाणे, मुंबई, नवी मुंबई, कुठंही जा, एका पिढीच्या बिल्डिंगांमध्ये फ्लॉवर बेड सापडतील आणि त्यात एक झाड सापडणार नाही. मुंबईत २०१२ ला नियम बदलून हे सगळं एफएसआयमध्ये धरायला लागले आणि बदल्यात फंजिबल एफएसआय म्हणून ३५ टक्के वाढीव बांधकाम दिलं. आधी बांधलेल्यांचं काही तोडलं नाही. स्वीडनचा निकालही तसाच राहिला की नाही!

आता ठरवतं कोण. रेसच्या ठिकाणी एफआयएची, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या जागतिक संघटनेची, तांत्रिक माणसं गाडी तपासतात, शंका आली तर पंचांकडे देतात. पंच म्हणजे स्टुअर्ड, प्रत्येक रेसला तीन-चार. दुसरी टीम फी भरून रीतसर प्रोटेस्ट करू शकते. पंचांचा निकाल पटला नाही तर अपील कोर्ट आहे. ही झाली कागदावरची वाट. पण निम्म्याहून जास्त भानगडी पत्रांत मिटतात. टीम एफआयएला खासगीत विचारते, "आम्ही असं करणार आहोत, चालेल ना?" यातली गंमत म्हणजे हेच पत्र शेजाऱ्याचा गळा धरायलाही वापरतात. २०१७ च्या सीझनआधी फेरारीनं एफआयएच्या चार्ली व्हायटिंगला सस्पेन्शनच्या एका रचनेबद्दल पत्र लिहिलं की आम्ही असं केलं तर चालेल का. स्वतः करायचं नव्हतंच, रोख मर्सिडीज आणि रेड बुलवर होता. उत्तर आलं, नाही चालणार. प्रोटेस्ट नाही, फी नाही, काम झालं. सोसायटीच्या जनरल बॉडीत "सहज माहिती म्हणून विचारतो" असं म्हणत उठणारे एक काका असतात ना, तेच.

आणि दुसऱ्याच्या गाडीत काय आहे हे कळतं कसं? फोटोवरून. १९९७ मध्ये डॅरन हीथ या फोटोग्राफरच्या लक्षात आलं की मॅक्लारेनची मागची ब्रेक डिस्क भलत्याच ठिकाणी लाल होतेय, ड्रायव्हर ब्रेक मारत नसताना, कॉर्नरमधून बाहेर पडताना. नूरबुर्गरिंगला मॅक्लारेन बंद पडून उभी होती तेव्हा त्यानं कॅमेरा कॉकपिटमध्ये, थेट पायांच्या जागेत घातला. फोटोत जास्तीचं एक ब्रेक पेडल! ते दाबलं की मागचं फक्त एकाच बाजूचं चाक धरायचं आणि गाडी त्या बाजूला चटकन वळायची. एफआयएनं त्याला आधी होकार दिलेला होता. १९९८ ला मॅक्लारेननं ऑस्ट्रेलियात सगळ्यांना एकेक लॅपनं मागं टाकलं. ब्राझीलला फेरारीनं प्रोटेस्ट केला, पंच म्हणाले हे ब्रेकपेक्षा स्टिअरिंग जास्त आहे, काढा. काढलं, आणि तरीही मॅक्लारेन पहिली-दुसरी आली. पोटभर हसलो होतो.

हसू येत नाही ते रेनोच्या मास डॅम्परवर. त्यावर मात्र मी अजून चिडतो. गाडीच्या नाकात स्प्रिंगवर टांगलेलं एक वजन, बस. कर्बवरून गेलं की गाडीचं नाक उडतं, वजन उलट दिशेला हलतं, हादरा मरतो, टायर रस्ता सोडत नाही. २०० मीटर उंच टॉवरला वाऱ्यानं डुलू नये म्हणून जे करतात तेच, छोट्या आकारात. २००५ च्या शेवटी रेनोनं आणलं, एफआयएनं चालू दिलं, म्हणून २००६ ची गाडीच त्याच्याभोवती बांधली. रेनोचा ड्रायव्हर अलोन्सो, त्यानं पहिल्या नऊपैकी सहा रेस जिंकल्या. जुलैमध्ये एफआयए म्हणते, हा हवेचा दाब बदलणारा हलता भाग आहे. अरे, तो नाकाच्या आत बंद आहे, हवेचा त्याला स्पर्श नाही! हॉकेनहाइमच्या रेसच्या पंचांनी तेच म्हटलं, कायदेशीर आहे म्हणून. मग एफआयएनं स्वतःच्याच पंचांविरुद्ध अपील केलं आणि ऑगस्टमध्ये जिंकलं. त्यांचा तर्क असा की वजनामुळे गाडी स्थिर राहते, गाडी स्थिर राहिली की पंखांवरची हवा स्थिर राहते, म्हणजे हवेवर परिणाम झाला. या हिशेबानं ड्रायव्हरचा नाश्ताही एरोडायनॅमिक आहे.

आमच्या धंद्यात याला म्हणतात सॅम्पल अप्रूव्ह करून लॉट रिजेक्ट करणं. कस्टमरनं सॅम्पल पास केलं, तुम्ही त्यावर डाय बनवली, माल काढला, आणि सहा महिन्यांनी त्यांना वाटलं की नको. माझी साठ हाउसिंग परत आली ती चूक माझी होती, ते मी मान्य करतो. हे तसं नाही. अलोन्सो त्या वर्षी चॅम्पियन झाला म्हणून लोक विसरले, पण बंदीनंतर तो फक्त जपानची रेस जिंकला.

ब्रॉन टीमचा डबल डिफ्युझर याच्या बरोबर उलट, आणि ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाला तर मेजवानी. २००९ ला नियम बदलून डिफ्युझर, म्हणजे मागच्या बाजूला तळाखालची हवा बाहेर सोडणारा चढता भाग, लहान केला. उंची १७५ मिमी, आणि तळाला खालून बघितल्यावर भोक दिसता कामा नये. तळ दोन पातळ्यांवर असतो, मधली पट्टी खाली आणि बाजूचा भाग ५० मिमी वर. या दोन पातळ्यांच्या मध्ये जी उभी पायरी असते, ती तीन टीमनी उघडी ठेवली: ब्रॉन, टोयोटा, विल्यम्स. खालून सरळ वर बघा, उभी फट दिसणारच नाही, एका पातळीची कड दुसरीच्या कडेला बरोबर मिळते. आमच्या भाषेत प्लॅन व्ह्यूमध्ये भोक नाही, सेक्शन काढलात, म्हणजे कापून बघितलंत, तर आहे. नियमात सेक्शन काढा असं लिहिलेलं नव्हतं. त्या फटीतून हवा वर जायची आणि वरती दुसरा डिफ्युझर. फेरारी, रेनो, रेड बुल यांनी प्रोटेस्ट केला, मेलबर्नच्या पंचांनी फेटाळला, एप्रिलमध्ये पॅरिसच्या अपील कोर्टानंही फेटाळला. तोपर्यंत ब्रॉनचा ड्रायव्हर जेन्सन बटन सुटला होता, पहिल्या सातपैकी सहा रेस त्याच्या.

तुम्ही विचारलंत ना, नियम आधीच नीट का लिहीत नाहीत, त्याचं उत्तर इथंच आहे. ज्याच्या नावाची ती टीम, त्या रॉस ब्रॉननं २००८ मध्येच बाकीच्यांना सांगितलं होतं की नव्या नियमांत पळवाटा आहेत, बुजवून टाकूया. कुणी मनावर घेतलं नाही. प्रत्येकाला वाटत असतं की पळवाट आपल्यालाच सापडलीय, किंवा सापडेल. नियम लिहिणारे मूठभर, आणि वाचणारे सगळ्या टीमचे शेकडो इंजिनिअर, ज्यांना त्याचाच पगार आहे. शिवाय काही गोष्टी लिहूनच पूर्ण होत नाहीत. 'पंख अजिबात वाकता कामा नये' असं लिहाल, पण अजिबात न वाकणारी वस्तू जगात नाही. मग टेस्ट ठरवावी लागते, इतकं वजन टांगा, इतके मिलिमीटर चालतील. टेस्ट ठरली की टीम त्या टेस्टपुरता कडक आणि त्यापुढं लवचीक पंख बनवते. टेस्ट कडक करा, ते नवीन पंख आणतात. २०२४ ला बाकूमध्ये मॅक्लारेनच्या पियास्त्रीच्या मागच्या पंखाची पट्टी वेगात कशी किंचित उचलते ते सगळ्या जगानं कॅमेऱ्यात पाहिलं, आणि टेस्टमध्ये तो पंख पास होता. मॅक्लारेननं नंतर तो बदलायचं कबूल केलं.

चीटिंग की हुशारी, याचं माझं माप सोपं आहे. युक्ती उघडी पडल्यावर टीम ती समजावून सांगू शकते का? पंखा, डबल डिफ्युझर, मर्सिडीजचं स्टिअरिंग पुढंमागं ओढून चाकांचा कोन बदलणारं 'डीएएस', सगळ्यांना स्वतःचा असा युक्तिवाद होता, पटो न पटो. फेरारीच्या २०१९ च्या इंजिनाबद्दल तो कधी ऐकायलाच मिळाला नाही. तेव्हा इंधन तासाला १०० किलोच्या वर जाता कामा नये असा नियम होता, त्यासाठी सेन्सर, आणि सेन्सर ठरावीक अंतरानं मोजायचा. बाकीच्यांना संशय होता की दोन मोजण्यांच्या मध्ये जास्त इंधन जातंय. सिद्ध काही झालं नाही. एफआयए म्हणाली आमचं पूर्ण समाधान नाही, पण केस टिकेलच असंही नाही, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुप्त समझोता केला. फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सातही टीमनी जाहीर निषेध केला. त्या वर्षी दुसरा सेन्सर आला आणि फेरारी सहावी आली. इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही आहे आणि रीडिंगचे रकाने कोरे आहेत, असा रिपोर्ट मी तरी घेतला नसता.

राहिला शेवटचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात भारी मॅक्लारेनची २०१० ची एफ-डक्ट. हवेसाठी हलणारा भाग चालत नाही? ठीक, काहीच हलवायचं नाही. नाकावर एक छोटं तोंड, तिथून हवेची नळी कॉकपिटमधून मागं. कॉकपिटमध्ये नळीला एक भोक. सरळ रस्ता आला की ड्रायव्हर गुडघ्यानं भोक झाकायचा, हवा मागच्या पंखाकडं वळायची, पंखाची पकड सुटायची आणि गाडीचा वेग वाढायचा. हललं काय? गुडघा. आणि ड्रायव्हर हा गाडीचा भाग नाही! एफआयएनं मान्य केलं. बाकीच्यांची पंचाईत झाली, कारण चॅसी त्या वर्षापुरती मंजूर झालेली, तिच्यात बदल करायला बंदी, हवी तिथं नळी घालता येईना. फेरारीत अलोन्सो डाव्या हाताच्या पाठीनं भोक झाकायचा, म्हणजे ताशी तीनशेच्या आसपास एका हातानं स्टिअरिंग. २०११ पासून बंद केलं. त्याच वर्षी डीआरएस आलं, म्हणजे मागचा पंख उघडायचं बटण, नियमातच लिहून दिलेलं, आणि कालांतरानं त्यासाठी ८५ मिमीचा गेज.